रात्रपाळीच्या सिस्टर आणि मावशींना

दुसऱ्या बाळंतपणापासून नऊ वर्षं मी शिंक आली की पाय आवळून उभी राहत होते, नाहीतर लघवी निसटायची. पर्वती चढणं सोडलं, पीएमपी बसने लांबचा प्रवास सोडला. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम केले, पण पुरे पडले नाहीत. शेवटी स्लिंगची शस्त्रक्रिया केली. जेमतेम सेंटिमीटरभर रुंद जाळीदार पट्टी मूत्रमार्गाखाली झोळीसारखी बसवतात. छेद लहान, अर्ध्या तासाचं काम.

कठीण गेलं ते नंतर. लघवीसाठी घातलेली नळी काढली आणि लघवीच होईना. पट्टी जास्त घट्ट बसली की काय, या धास्तीने मी रडकुंडीला आले.

सिस्टर, तुम्ही म्हणालात, "ताई, सूज असते, घाई करू नका. जोर तर अजिबात लावायचा नाही." बाथरूमचा नळ बारीक सोडलात, दार लोटलंत आणि बाहेर स्टूल ओढून बसलात. वॉर्डात एवढी कामं असताना! मावशी, तुम्ही कोमट पाण्याचा तांब्या आणलात आणि घाबरलेल्या माझ्या नवऱ्याला चहाला पिटाळलंत. न सांगता तुम्हाला कळलं, की त्याच्यासमोर मला संकोच वाटतोय.

पहाटे एकदाची लघवी झाली. तुम्ही मापाचं भांडं उजेडात धरून आकडा वाचलात, "२५० मिली!" मावशींनी तर टाळीच वाजवली.

नावं विचारायची राहून गेली. ६ आठवडे वजन उचलायचं नव्हतं, तेही संपले. काल मी पर्वती चढले. वर पोचल्यावर जोराचा खोकला आला आणि काहीच झालं नाही. तुम्हा दोघींची फार आठवण आली.