शुक्रवारपर्यंत पुण्याला या

एरंडवणे, पुणे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बाबा नुसतं "बघू" म्हणतात आणि आई लगेच भाजीपाल्यावर येते, म्हणून लिहायला बसले. सोमवारी बाबांची पहिली केमो आहे, इथे पुण्यात. तारीख मी घेतली, पैसे भरले, तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर आधी गौरी-गणपती, मग दिवाळी, मग उसाची तोड, मग हळद असं करत वर्ष गेलं असतं. ऑपरेशननंतर साधारण आठ आठवड्यांच्या आत केमो सुरू व्हायला हवी, त्यातले बरेचसे सरले. साताऱ्यालाही होते, मान्य. पण रात्री-अपरात्री ताप चढला तर मी तिथे पोचेपर्यंत आईनं एकटीनं काय करायचं? दादाचंही हेच म्हणणं आहे, फक्त तो तुमच्यासमोर बोलत नाही.

बाबा, तुमचं कात्रण वाचलं. आतड्यातल्या जंतूंमुळे हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर वाढतो, मग जंतूच मारू, केमो कशाला, असा तुमचा हिशेब. जिच्या मायक्रोबायॉलॉजीच्या, म्हणजे जंतूंच्याच, शिक्षणापायी विहिरीकडचं वावर गेलं, तिला एकदा विचारायचं तरी!

कात्रणातलं खोटं नाही. फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा मुळात तोंडातला, हिरड्यांमधला जंतू. २०१२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन गटांना तो मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये, शेजारच्या निरोगी भागापेक्षा कितीतरी जास्त सापडला. गाठीच्या पेशींवर एक ठरावीक साखर जास्त असते, तिला तो चिकटतो. पेशीला वाढायला चिथावतो आणि तिला मारायला आलेल्या आपल्याच पेशींना अडवून धरतो. गाठ यकृतात पसरली तर हाही सोबत जातो, हे २०१७ मध्ये दिसलं. त्याच संशोधनात, माणसाची अशी गाठ लावलेल्या उंदरांना मेट्रोनिडाझोल हे जंतू मारणारं औषध दिलं आणि गाठीची वाढ मंदावली. मंदावली, बाबा, गेली नाही. आणि ते उंदीर होते. पुढे २०२४ मध्ये सिॲटलच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या जंतूचा एक विशिष्ट प्रकारच गाठीत ठाण मांडतो, तोही त्यांनी तपासलेल्या जवळपास निम्म्या गाठींमध्ये. तुमच्या गाठीत तो होता का, हे तर कुणी तपासलेलंच नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये आहे ते एवढंच, की दोन-तीन लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या बारीक ग्रंथींपर्यंत, कॅन्सरच्या पेशी पोचल्या होत्या. घाबरायचं कारण नाही, डॉक्टरांनी गाठ नीट काढली आहे. पण डोळ्याला न दिसणारं काही मागे राहिलं असेल तर त्यासाठी केमो.

तेव्हा कपाटातल्या त्या मेट्रोनिडाझोलच्या उरलेल्या स्ट्रिप फेकून द्या. चुकीचं तणनाशक मारलं की तणाबरोबर हरभराही करपतो, तुम्हाला मी काय सांगायचं. पोटात कामाचे जंतूही आहेत. खाण्यातला चोथा आंबवून ते ब्युटिरेट तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. आई, तुझी ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ म्हणजे त्यांचंच जेवण. "माझ्या हातचं खाऊन झालं का गं?" असं पुन्हा म्हणायचं नाही. लहानपणी पोट दुखलं की हिंग कालवून बेंबीभोवती फिरवायचीस, आणि तू उठलीस की मला मुद्दाम परत दुखायला लागायचं. अजून हिंगाचा वास आला की मला झोप येते.

कुणी प्रेमानं दिलेल्या प्रोबायोटिकच्या कॅप्सूलही नकोत. केमोत पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा असे जिवंत जंतू क्वचित रक्तातही शिरतात. दह्याचंसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

शनिवारी सकाळी बाबांच्या हलणाऱ्या दाढेसाठी दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. त्या दाढेमुळे हे झालं असं मी मुळीच म्हणत नाही, पण मध्येच हिरडी पिकली तर पुढचा डोस लांबतो. आणि आई, तुझी मिश्री. त्यावर समोरासमोर भांडू, डबी मात्र वाईलाच ठेवून ये.

मागची खोली तुमची केली आहे. दुपारचं ऊन येत नाही, संडासात धरायला दांडी बसवली, बाबांचा पेपर सांगितला. केमोतल्या एका औषधानं गार काही लागलं की बोटांना, घशाला मुंग्या येतात, म्हणून स्वयंपाकघरातही गिझर जोडून घेतला. बरं वाटेल तेव्हा कमला नेहरू पार्कपर्यंत पाय मोकळे करता येतील. ज्वारी आणली आहे, पण ऑपरेशननंतर भाकरी कधीपासून द्यायची हे आहारतज्ज्ञ सांगतील, तोवर मऊ भात. म्हशीचं शेजारच्या काकूंशी बोलले, त्या दोन्ही वेळची धार काढतील.

हो, दादाची आणि माझी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, ठरली आहे. काळजी नको, वडिलांना झालं की मुलांनी चाळिशीत करून घ्यायचीच असते. पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा छोटा कोंब, निघाला तर तिथेच काढून टाकतात.

बायोप्सीचे, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्याचे, ब्लॉक आणि स्लाइड हॉस्पिटलमधून मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको. बीपीच्या गोळ्या पाकिटासकट आणा, डबीत ओतून नको. एसटीनं यायचं नाही, दादा गाडी घेऊन येतो आहे. खंबाटकीचा बोगदा ओलांडलात की फोन करा, म्हणजे भात टाकते.

तुमची,
पमी