हात धुऊन कागद उघडणाऱ्या काकांना

प्रिय काका,

नाव लिहायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून नुसतं काका. तुमच्यासमोर आभार मानायला गेले की तुम्ही "चल, पुढची ओळ वाच" म्हणता, म्हणून हे असं सगळ्यांदेखत.

गेल्या रविवारी मी पणजोबांच्या रुमालातला, म्हणजे कापडी बासनातला, जुन्या मोडी लिपीतला पहिला कागद वाचला. अडखळत का होईना, पण वरच्या श्रीपासून शेवटच्या साक्षीपर्यंत, एकटीने. तुम्ही मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसला होतात. मी दोनदा अडले तरी मान वळवली नाहीत. संपल्यावर "हं" एवढंच म्हणालात. घरी येताना रिक्षात मला रडू आलं, आणि कशाचं ते रिक्षावाल्याला काय सांगणार!

तुमच्याकडे येण्याआधी हे कागद दोन ठिकाणी फिरून आले होते. एका जाणकारांनी ते आठ महिने ठेवून घेतले. परत मागायला गेले तेव्हा समोरच चाळले आणि चाळता चाळता चहाचा कप त्यातल्याच एका कागदावर टेकवला. वर म्हणाले, "जमिनीचे कागद आहेत हो, इतिहास वगैरे काही नाही यात." दुसरीकडे मोडीचा वर्ग होता, पण आठवड्यातले पाच दिवस दुपारी दोन ते पाच. नोकरी आहे म्हटलं, तर उत्तर मिळालं, "आवड असेल तर वेळ निघतो." निघतो ना. पण दुपारी दोनला ऑफिसातून कोण सोडतं? मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा, ३ ऑक्टोबर २०२४ ला, याच मंडळींचे अभिमानाचे लांबलचक मेसेज मला आले होते. असो.

तुमच्याकडे आले ती बोचकं घेऊन आणि नाही ऐकायच्या तयारीने. तुम्ही रुमालाकडे पाहिलंत, उठलात आणि बेसिनवर जाऊन हात धुतलेत. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांसकट, जेवायला बसण्याआधी धुवावेत तसे. पंचाला पुसलेत. मग खुर्चीत बसून दोन्ही तळवे गुडघ्यांवर उघडे ठेवलेत आणि काही न बोलता थांबलात. मला वाटलं, कागद बघायचेच नाहीत यांना. बऱ्याच दिवसांनी विचारलं तेव्हा कळलं की हात पूर्ण सुकायची वाट बघत होतात, कारण काजळीची शाई ओल्या बोटाला उचलून येते. पण मला त्या दिवशी शाईचं काहीच माहीत नव्हतं. एवढंच दिसलं की आमच्या घरच्या या चिटोऱ्यांसाठी कोणीतरी हात धुऊन बसलंय. गाठ तुम्ही नखाने सोडवलीत, ओढली नाहीत. कपाचा तो गोल डाग दिसल्यावर फक्त म्हणालात, "हा नवा दिसतो."

तुम्ही अक्षर न् अक्षर शिकवलंत. पण मी तुमची झाले ती त्या पाच मिनिटांत.

मग माझ्या वेळेचं गाऱ्हाणं. दिवसाला वीस मिनिटं मिळतील म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "मग वीस मिनिटांची मोडी शिकू." रोज एक ओळ. मार्चअखेरीला मी सलग पाच रविवार आले नाही. सहाव्या रविवारी वही त्याच पानावर उघडी होती आणि तुम्ही कारण विचारलं नाहीत.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत, शब्दांत मोकळी जागा नाही. आधी आडवी रेघ मारायची, तिला अक्षरं लोंबकळत ठेवायची आणि बोरूची लेखणी शक्यतो उचलायची नाही. 'दोनपहरपाणी' हे मी 'दोनप हरपाणी' असं तोडलं आणि आठवडाभर गावातल्या हरपाणी घराण्याचा शोध घेत बसले. तुम्ही हसला नाहीत. (आत गेल्यावर हसलात. ऐकू आलं.) दोन पहर पाणी! विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या होत्या त्या, दोन भावांत ठरलेल्या.

तारीख तर बोटं मोजून सोडवायला लावलीत. सु॥ अर्बा सबैन मया व अलफ. सु॥ म्हणजे शुहूर सन आणि पुढचे अरबी आकडे: चार, सत्तर, शंभर, हजार म्हणजे ११७४. हे शुहूर सन मृगापासून सुरू होतं, म्हणून मृगसाल. त्यात ५९९ मिळवले की १७७३ चा जून ते १७७४ चा जून. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेच हे साल. तिकडे पुण्यात गादीवरून रक्त सांडत होतं आणि इकडे आमचे दोघे पाण्यावरून भांडून, चार साक्षीदार बसवून, मिटवूनही मोकळे झाले होते. इतिहास नाही म्हणे यात!

इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे असलेच कागद मिळवत आणि त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड छापून निघाले. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. वाचणारे मोजके. तुम्ही मात्र पेन्शनीतल्या रविवारच्या सकाळी एका हिशेबनीस बाईच्या पाणीवाटपासाठी घालवल्यात आणि एकदाही "मी वेळ देतोय" असं जाणवू दिलं नाहीत. माणसाने चांगलं वागावं ते असं, समोरच्याला ओझं न होता. माझ्या ऑफिसात तर साधी रजा देतानाही उपकाराची पावती फाडतात.

आता एक राहिलंय. सहाव्या ओळीत कसरीने खाल्लेल्या भोकाशेजारचा शब्द तुम्ही 'भावजय' वाचता. मला तो अजूनही 'भाऊजी' वाटतो. पाण्याची तिसरी पाळी कोणाची, हे त्याच्यावर ठरतं. रविवारी भिंग घेऊन येते.

तुमची,
हरपाणीकर