हाडांच्या औषधाआधी कॅल्शियम तपासा

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य.

स. न. वि. वि.

पाळी गेलेल्या बाईला हाडांच्या ठिसूळपणावरचे इंजेक्शन देण्याआधी रक्तातले कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासणे राज्यभर सक्तीचे करावे, एवढ्यासाठी हे पत्र.

माझ्या थोरल्या जावेचा मधुमेह जुना, मूत्रपिंडेही कमजोर. मनगट मोडल्यावर एका खाजगी दवाखान्यात तिला डेनोसुमॅबचे इंजेक्शन दिले. रक्त तपासले नाही. काही दिवसांत ओठांभोवती मुंग्या, पायांत गोळे, आणि बोटे अशी आखडली की खवणीवर नारळ धरता येईना. घरचे म्हणाले, अशक्तपणा असेल. निघाले कॅल्शियम घसरलेले. शिरेतून द्यावे लागले.

यात गूढ काही नाही. हाड ही शरीराची कॅल्शियमची तिजोरी. रक्तात कमी पडले की शरीर तिथून काढून घेते. डेनोसुमॅब किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हाडाची झीज थांबवते, म्हणजे तिजोरीला कुलूपच लावते. मग सगळी भिस्त आतड्यावर. 'ड' कमी असेल तर आतडे अन्नातले कॅल्शियम नीट शोषत नाही, आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर 'ड' कामाला लागत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी 2024 मध्ये मूत्रपिंडाचा आजार बळावलेल्यांसाठी, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांसाठी, डेनोसुमॅबवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला तो याचसाठी.

आता हे गोव्यात बघा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक आढळले ते आपल्याकडे, 26.4 टक्के. मधुमेह मूत्रपिंड पोखरतो. शिवाय मधुमेहींचे हाड हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत बरे दिसूनही मोडते. म्हणजे ही औषधे ज्यांना लागणार, त्यांतल्या अनेकींना धोकाही जास्त. साखर आपण गावोगाव मोजतो. त्याच रक्तात आणखी दोन-तीन तपासण्या करायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट तारखेची. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी घ्यावेच लागते. चुकले आणि सातवा महिना उलटला, की थांबलेली झीज दुप्पट जोराने सुरू होते. मणक्याचे एकाहून अधिक मणी मोडू शकतात. बंद करायचे तर दुसरे औषध देऊनच. हे सत्तरी तालुक्यातल्या किंवा काणकोणातल्या बाईला सांगतो कोण? लसीकरणाचे कार्ड बाळाला मिळते, आजीला का नाही?

(60,000 युनिटची 'ड'ची पुडी आठवड्याची असते, रोजची नव्हे, हेही त्या कार्डावर मोठ्या अक्षरांत छापा. आणि अ‍ॅलेंड्रोनेटची हाडांसाठीची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहाबरोबर घेऊन पुन्हा आडवे व्हायचे नाही.)

हे वाचून कोणी औषधच सोडू नये. खुब्याचे हाड मोडून अंथरूण धरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ती गत याहून वाईट. जाऊबाईंचेही उपचार चालू आहेत, आता तपासण्या करून.

आरोग्य संचालनालयाने परिपत्रक काढावे, ते खाजगी दवाखान्यांनाही लागू असावे, आणि या तपासण्यांसाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात न पाठवता प्राथमिक आरोग्य केंद्रातच मोफत व्हाव्यात. रक्ताचा नमुना बांबोळीला जाऊ दे, म्हातारीला कदंबच्या बसने पाठवू नका.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक गृहिणी