मागच्या लोअर लिंकला टॅप अर्धाच मारलाय (आतले आटे अर्धेच पाडलेत), सेट बदलून द्या

नमस्कार,

गेल्या महिन्यात तुमच्याकडनं ॲक्सियल एससीएक्स10 टू या दगडांवर चढणाऱ्या रिमोटच्या गाडीसाठीचा स्टीलचा लिंक सेट (ॲक्सल चेसिसला धरून ठेवणारे दांडे) घेतला, 10 नगांचा, पाकिटावर 313 एमएम व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असं स्पष्ट लिहिलेलं, किंमत 3450 रुपये. ऑर्डर नंबर अन् बिल सोबत जोडलंय. ही तक्रार त्यातल्या मागच्या डाव्या लोअर लिंकबद्दल आहे आणि तुमच्या सपोर्टवाल्यांनी व्हॉट्सॲपवर जो सल्ला दिला त्याबद्दल पण आहे, कारण नुकसान त्या सल्ल्यानंतरच झालं.

गाडी आमची किटमधनं जोडलेली आहे, मी आणि माझा पुतण्या, दोन महिने रोज रात्री जेवणं झाली की बसायचो, गिअरबॉक्सपासनं सगळं हाताने. जुन्या लिंक वेताळ टेकडीच्या दगडांवर आपटून वाकल्या होत्या म्हणून स्टीलच्या घ्यायचं ठरवलं, शिवाय वजन खालीच राहतं, चढावर गाडी उलटत नाही. पुतण्याने निम्मे पैसे स्वतःच्या साठवणीतले घातले.

आधी चांगलं ते सांगतो. पुढच्या लिंक व्यवस्थित बसल्या. या गाडीत पुढे तीन लिंक अन् पॅनहार्ड बार (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) असतो आणि सर्वो (चाकं वळवणारी मोटर) चेसिसवर असतो, त्यामुळे पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक (सर्वोपासनं चाकांकडे जाणारा दांडा) समांतर नसले की सस्पेन्शन दबताना चाकं आपोआप वळतात. तुमच्या सेटमध्ये ते दोन्ही बरोबर जुळले, त्यात मला काहीच म्हणायचं नाही.

मागे मात्र ॲक्सल तिरका बसला. गाडी सरळ सोडली की खेकड्यासारखी एका अंगाला जायची. म्हणून दोन्ही लोअर लिंक काढल्या, टेबलावर एकावर एक ठेवल्या, एका टोकाच्या दोन्ही रॉड एंडच्या (टोकाला आट्यांवर बसणारा सांधा) बॉलमधनं 3 एमएमचा पिन घातला, आणि दुसऱ्या टोकाला बघतो तर भोकाला भोक जुळतच नाही, निम्म्याहून जास्त झाकलेलं, पिन जाईचना. वर्नियर लावला तर 1.9 एमएमचा फरक. डाव्या लिंकचा एक रॉड एंड लिंकला टेकलेलाच नव्हता, मधे फट दिसत होती, आणि अजून फिरवायला गेलं तर फिरत नव्हता.

फोटो काढून तुम्हाला पाठवले. उत्तर आलं की हा फॉल्ट नाही, लिंक ॲडजस्टेबल असतात, उजव्या लिंकचा रॉड एंड तीन फेरे सैल करा म्हणजे दोन्ही सारख्या होतील. एम4 चा (4 एमएम जाडीच्या स्क्रूचा) एक फेरा म्हणजे 0.7 एमएम, तीन फेरे म्हणजे 2.1, हिशोब बरा वाटला म्हणून केलं. पण दोन्ही लोअर लिंक लांब झाल्या की ॲक्सलचा खालचा भाग मागे ढकलला जातो आणि पिनियनचं (ॲक्सलच्या ज्या गिअरला ड्राइव्हशाफ्ट जोडतो त्याचं) तोंड खाली जातं, मग ड्राइव्हशाफ्टचा (गिअरबॉक्सपासनं ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट जास्त कोनात चालतो. चाक पूर्ण खाली लोंबलं की टकटक आवाज यायला लागला. तेही लगेच कळवलं होतं, तुमचं उत्तर आलं की चालवून बघा, सेट होईल.

त्याच रविवारी टेकडीवर एका कातळावर गाडी चढवताना डावी लिंक रॉड एंडजवळनं निसटून बाहेर आली. ॲक्सल फिरला, आणि प्लास्टिकचा ड्राइव्हशाफ्ट कपापाशी फुटला. पुतण्याच्या हातात रिमोट होता, त्याला वाटलं आपणच जास्त थ्रॉटल दिला, घरी येईपर्यंत पोरगं गप्प होतं. याचा मला शाफ्टच्या पैशांपेक्षा जास्त राग आला.

घरी आल्यावर ती लिंक नीट तपासली. मी भोसरीला टूलरूममध्ये काम करतो, आटे बघण्यात माझी 19 वर्षं गेलीत, त्यामुळे हे अंदाजाने लिहीत नाही. बाकी सगळ्या टोकांना 20 एमएमचे ग्रब स्क्रू (डोकं नसलेले स्क्रू) आहेत, अर्धा लिंकमध्ये अर्धा रॉड एंडमध्ये. या एकाच टोकाला 14 एमएमचा निघाला. आणि चांगला 20 चा ग्रब तिथे लावून बघितला तर तीन फेऱ्यांनंतर कच्चकन थांबतो, पुढे जातच नाही. आत तार घालून बघितली, ड्रिल पूर्ण खोल गेलंय, दुसऱ्या लिंकइतकंच. टॅपच तीन आट्यांवर थांबवलाय. म्हणजे 2 एमएम पकडीवर ती लिंक उभी होती, आणि स्टीलमध्ये सुद्धा निदान स्क्रूच्या जाडीइतकी पकड तरी लागतेच, म्हणजे इथे 4 एमएम.

आता मला सांगा तो 14 चा ग्रब तिथे कसा आला? 20 चा बसत नाही हे जोडणाऱ्याच्या लक्षात आलं असणार, मग नग बाजूला काढून ठेवायच्या ऐवजी छोटा ग्रब घालून पाकिटात भरला. नजरचुकीने टॅप अर्धवट राहिला असता तर मी समजून घेतलं असतं, कामात होतं असं, आमच्याकडे पण होतं, पण आमच्याकडे तो नग लाल ट्रेमध्ये जातो, गिऱ्हाइकाकडे जात नाही.

माझ्याकडे एम4 चा टॅप आहे, दहा मिनिटांत मी स्वतः आटे खोल करू शकतो. मुद्दाम केले नाहीत, कारण नग आहे तसाच तुम्हाला दाखवायचाय. आणि ज्याच्याकडे टॅप नाही, ज्याने पहिलीच गाडी घेतलीय, तो काय करणार? तो आपलंच चुकलं समजून गप्प बसणार.

फुटल्यावर व्हॉट्सॲपवर परत लिहिलं तर तुमचं म्हणणं की फिट केलेला माल परत घेत नाही. अहो, लिंक फिट केल्याशिवाय ॲक्सल तिरका बसतोय हे कळणार कसं? ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. माझ्या पहिल्या मेलला आज 11 दिवस झाले, पोच सुद्धा नाही.

मला पूर्ण सेट बदलून हवाय, पाठवायच्या आधी प्रत्येक टोकाचा ग्रब काढून खोली तपासलेला, किंवा मग 3450 रुपये परत. ड्राइव्हशाफ्टचे 1280 रुपये वेगळे, त्याचं बिल जोडलंय. आणि त्या बॅचचे जे सेट अजून तुमच्याकडे पडलेत ते तपासल्याशिवाय विकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे, ज्यांना विकलेत त्यांना निदान एक मेसेज टाका की मागच्या लोअर लिंकचे ग्रब काढून बघा.

सदोष लिंक, 14 चा ग्रब आणि फुटलेला शाफ्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवलंय. पिकअप पाठवा, कुठल्याही दिवशी संध्याकाळी 7 नंतर घरी असतो. पुढच्या शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आहे, फोटो आणि सगळं व्हॉट्सॲप चॅट जपून ठेवलंय.

आपला,
एक ग्राहक, भोसरी, पुणे