परवाचं क्रियापद

विन्या,

आठ महिन्यांत एक ओळ नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा बरा आहे.

मागल्या रविवारी सरांकडे गेलो होतो. ओळखलं मला, निदान तसं वाटलं. मग मधेच म्हणाले, "परवा ही..." आणि थांबले. आता हा परवा मागचा की पुढचा, हे आपल्याकडे क्रियापद आल्यावरच कळणार. काल आणि उद्या वेगळे केले, तिसऱ्या दिवसापर्यंत भाषेलाच कंटाळा आला! (विनोद तुझाच, विसरलो नाही.) मी क्रियापदाची वाट बघत बसलो. ते आलंच नाही. हात तेवढा पुढे झाला होता, दाराकडे.

आणि मला त्या वेळी कोण आठवावं, तर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले आयमारा लोक. त्यांच्या भाषेतला 'नायरा' म्हणजे डोळा, पुढची बाजू आणि होऊन गेलेला काळही. येणारा काळ पाठीशी, कारण तो कोणी पाहिलाय? तिथली म्हातारी माणसं जुनं काही सांगताना हात पुढे करतात, असं नुनिएस आणि स्वीट्सर या अभ्यासकांनी २००६ साली लिहिलं. त्यावरून आपलं भांडण. मी म्हटलं, आपलं तरी काय वेगळं, पूर्व म्हणजे मुळात समोरची दिशा आणि पूर्वी म्हणजे होऊन गेलेलं. तू उसळलास, "ती घटनांची रांग आहे, गाढवा! रांगेत आधीचा पुढेच उभा असतो. बोलणाऱ्याचं तोंड कुठे आलं त्यात?" तीन दिवस अबोला. तुझं बरोबर होतं, घे, लिहून दिलं. पण 'पश्चात'? पाठीमागे, पश्चिमेकडे आणि माणूस गेल्यानंतर, सगळं एकाच शब्दात. काकूंच्या पश्चात सर कुठे तोंड करून बसलेत, ते तूच सांग.

तर, हात दाराकडे. काकू येऊन गेल्या, की यायच्यात? मला ती शांतता सोसेना. मीच वाक्य पुरं केलं, "येतील." सर इतके खुलले रे! म्हणाले, "मग कडी लावू नकोस."

विन्या, काय करून बसलो मी? 'आल्या होत्या' म्हटलं असतं तरी खोटंच. पण ते खोटं निदान संपलेलं असतं. याची आता ते वाट बघणार.

उठताना सवयीने म्हटलं, "येतो सर." ज्यांनी आपल्याला कधी 'जातो' म्हणू दिलं नाही ते म्हणाले, "कुठून?"

चिन्नूचा निकाल लागला का? नव्या घराचे फोटो पाहिले, छान आहेत, सविस्तर मग.

रविवारी पुन्हा जायचंय. त्याआधी फोन कर. त्यांनी विचारलं तर कुठलं क्रियापद लावू?

तुझा,
बंड्या