निकालाचं पुढे बघू, आधी हजेरीपट

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या नव्या हायस्कुलाचे वर्ग भरले, एका बाजूला अजून प्लास्टर चालू आहे, आणि तुला आत्तापासून दहावीच्या निकालाची काळजी लागली आहे. लागू दे, मुख्याध्यापकाला ती लागायचीच. पण मी सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात केली, वर्गात नाही. त्यामुळे निकालाच्या आधी मला हजेरीपट दिसतो.

गरिबाघरचं मूल एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी आठवड्यातला एखादा दिवस बुडतो, मग सलग दोन, मग 'मामाकडे गेलाय' असा निरोप येतो. सहामाही झाली की नाव पटावर राहतं आणि मूल राहत नाही. वर्गशिक्षक 'गै' मारतो आणि पुढच्या नावाकडे जातो. तू तसं चालू देऊ नकोस. सलग तीन दिवस गैरहजर राहिलं की कारण विचारायचं आणि ते लिहायचं. 'आजारी' एवढंच नको. कोण आजारी? पुष्कळदा आजारी आई असते आणि घरी राहते मुलगी.

फी माफ केली की शिक्षण फुकट झालं असं आपण समजतो. पण तेरा-चौदा वर्षांचं मूल घराला कमावतं दिसू लागतं, आणि शाळेत घालवलेल्या दिवसाची बुडालेली मजुरी त्या घराच्या हिशेबात खर्चातच धरली जाते. मेक्सिकोने १९९७ साली 'प्रोग्रेसा' योजना काढली, ती हे ओळखूनच. मूल निदान ८५ टक्के दिवस शाळेत आलं तर पैसे थेट आईच्या हातात. इयत्ता वाढेल तशी रक्कम वाढती, आणि माध्यमिकला मुलींसाठी मुलांपेक्षा जास्त. मोठा फरक पडला तो प्राथमिक संपवून माध्यमिकला जाणाऱ्यांच्या संख्येत. तुझ्याकडे वाटायला पैसे नाहीत, हे मला कळतं. पण कोणत्या घरात काय अडलंय हे वेळेवर कळायला पैसे लागत नाहीत, आणि ते कळल्याशिवाय आलेली मदतही भलतीकडेच जाते.

अंतराचंही बघ. बिहारने २००६ पासून नववीत येणाऱ्या मुलींना सायकली दिल्या. शेजारच्या झारखंडशी ताडून केलेल्या अभ्यासात मुलींचं माध्यमिकला दाखल होणं सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि फायदा मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरहून लांबच्या गावांना झाला. सायकली मिळेपर्यंत एका वाटेच्या मुलींची टोळी करून दे. एकटीला न पाठवणारे आईबाप चौघींबरोबर पाठवतात.

आता वाचनाचं. माझ्या टेबलाशी मुलं दाखल्यासाठी यायची. अर्ज लिहून आण म्हटलं की काही जण मित्राचा अर्ज उतरवून आणायचे. अक्षर मोत्यासारखं, समास सोडलेला, आणि खाली सहीच्या जागी नावही मित्राचंच. आम्ही ऑफिसात हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं: ते मूल आठ वर्षं फळ्यावरचं उतरवत आलं होतं आणि त्याला वाचता येत नव्हतं. तुझ्या नववीत अशी मुलं असणार, आणि वह्या तपासून ती सापडायची नाहीत, कारण त्यांच्याच वह्या सगळ्यांत नीटनेटक्या असतात. प्रत्येकाला एकेकटं जवळ बसवून पानभर मजकूर वाचून घे. वर्गासमोर अजिबात नको. मग रोज एक तास इयत्ता विसरून, ज्याला जितकं वाचता येतं त्याप्रमाणे गट कर. 'प्रथम' संस्थेने प्राथमिकच्या मुलांसाठी हीच रीत वापरली. फक्त तुझी मुलं मिसरूड फुटलेली आहेत, त्यांना चिऊकाऊच्या गोष्टी देऊ नकोस. औषधाच्या बाटलीवरची सूचना, नोकरीची जाहिरात, सामन्याची बातमी असलं काहीतरी दे.

शाळा नवी असण्याची खरी अडचण मला इमारतीत दिसत नाही. तुझ्याकडे वरचा वर्गच नाही. जुन्या शाळेत पास होऊन गेलेली मुलं न सांगता बरंच काम करतात. गाइड खाली देतात, कोणता फॉर्म कधी निघतो ते सांगतात, आणि आपल्यातलाच एक जण दहावी झाला हे नुसत्या दिसण्याने पटवतात. तुझ्या पहिल्या तुकडीला पुढे बघायला कोणी नाही, घरी विचारायलाही नाही. वस्तीतलं कोणी बाहेर शिकून आलेलं असेल, मग ती नर्स असो की वायरमन, त्यांना बोलाव. भाषण नको. फॉर्म कसा भरला आणि पहिल्यांदा नापास झाल्यावर काय केलं, एवढंच त्यांनी सांगावं.

कागदपत्रं आत्ताच बघून घे. हे माझं खातं, म्हणून आग्रहाने सांगतो. जनरल रजिस्टरला बापाचं नाव बाळू, ओळखपत्रावर बाळासाहेब, आणि बँकेत नुसतं 'बी' हे अक्षर. एवढ्यावर शिष्यवृत्ती अडते. जन्मतारखेचा घोळ परीक्षेच्या फॉर्मच्या आठवड्यात निघाला तर आईबाप मजुरी बुडवून चार ऑफिसं हिंडतात आणि मग 'जाऊ दे' म्हणतात. एक शनिवार त्यासाठीच ठेव, पालकांना कागदांची पिशवी घेऊन बोलाव, आणि तुझ्या क्लार्कला चहा पाजत जा.

मदत करणारे येतील. नाव पुकारून दप्तर द्यायचं आणि फोटो काढायचा, ही त्यांची हौस. दप्तरं घे, फोटोला नाही म्हण. त्यांनी ऐकलं नाही तर अख्ख्या वर्गाला द्यायला सांग. 'गरीब' म्हणून सगळ्यांदेखत उभं केलेलं मूल दुसऱ्या दिवशी येईलच असं नाही. आणि काय हवं विचारलं तर मुलींच्या संडासात पाणी आणि दाराला आतून कडी, हे आधी सांग. प्लास्टर थांबू शकतं.

भाऊराव पाटलांचं नाव निघालं की लोक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र दिल्याची गोष्ट सांगतात. मला भाऊरावांच्या कामाचा क्रम महत्त्वाचा वाटतो. साताऱ्याचं वसतिगृह १९२४ चं आणि तिथलं महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० चं. राहायला, जेवायला, बसून वाचायला जागा आधी झाली. तुला वसतिगृह जमणार नाही, पण संध्याकाळी एक खोली दिवा लावून उघडी ठेवता येईल का ते बघ. एका खोलीच्या घरात टीव्हीसमोर बीजगणित होत नाही. मुलींना घरी सोडायला कोण जाईल, हे मात्र आधी ठरव.

हजेरीच्या रजिस्टरचा एक नमुना आखून सोबत पाठवतो आहे. कारणाचा रकाना मुद्दाम रुंद ठेवलाय. आवडला नाही तर बदल, पण रकाना लहान करू नकोस. आईने विचारलंय की तुझ्या स्वतःच्या जेवणाची सोय लागली का. तिला वेगळं लिही, माझ्या पत्रात उत्तर घातलंस तर तिला चालत नाही.

तुझे
बाबा