टिटवी आणि कोंबड्या

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तू निघालास त्या पहाटे टिटवी ओरडली. आई म्हणाली, "पाच मिनिटं टेक, पाणी पी, मग जा." तू "पुरे तुमच्या अंधश्रद्धा" म्हणून बॅग उचललीस. ते पाण्याचं भांडं दोन दिवस ओट्यावर तसंच होतं, कुणी ओतेना. मी तुझी बाजू घेतली, म्हणजे गप्प बसलो.

जहाज तांबड्या समुद्रातून जाणार की आफ्रिकेला वळसा घालून, ते कळव.

आईची समजूत काढायला म्हणून परवा डिक्शनरीत 'ऑस्पिस' काढला. चौतीस वर्षं मुलांना 'अंडर द ऑस्पिसेस ऑफ' म्हणजे 'च्या विद्यमाने' एवढंच सांगितलं. मूळ लॅटिन: एव्हिस म्हणजे पक्षी, स्पेकेरे म्हणजे पाहणं. रोमन लोक पक्षी बघून देवाचा कौल घेत. कौल ज्या सेनापतीच्या नावे, मोहीम त्याच्या नावे. त्यावरून अर्थ सरकत आश्रय, छत्र असा झाला. आणि आपला 'शकुन'? संस्कृतात तोही पक्षीच. हे आईला ऐकवलं तर म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हणत होते?"

रोमन आरमार तर पिंजऱ्यात कोंबड्या नेई. त्यांनी हावरटासारखे दाणे टिपले की शुभ. इ. स. पूर्व 249 मध्ये सिसिलीजवळ त्यांनी दाण्याला चोच लावली नाही, तर रोमन सेनापती क्लॉडियस पुल्केर म्हणाला, "खात नाहीत? मग पिऊ देत," आणि दिल्या समुद्रात फेकून. ड्रेपानाच्या त्या लढाईत 93 जहाजं गेली. कोंबड्यांना काही कळत नव्हतं रे. शत्रू, म्हणजे कार्थेजवाले, आधीच बाहेर पडले आणि याची जहाजं बंदराच्या तोंडाशी एकमेकांत अडकली. पण माणसानं इतकी घाई करू नये, कुणी थांब म्हणालं तर... बघ, पुन्हा मास्तर झालो. माफ कर.

दहावीच्या पेपरला जाताना आईनं हातावर दही ठेवलं, तेव्हा तू हात चाटून परत पुढे केला होतास. साखर जास्त घाल म्हणालास. तुझा युनिफॉर्ममधला फोटो परवा शाळेत सगळ्यांना दाखवून आलो, शिपायालासुद्धा. तो म्हणाला, "सर, तिकडं जहाजांवर मारा होतो ना?" मी म्हटलं, त्यांची कंपनी बघते सगळं. बघते ना?

आईला फोन कर. रागावलेली नाही ती.

काल परसात भारद्वाज दिसला. आईनं हाक मारली, तर मी चष्मा शोधत धावलो. रामफळाच्या आडोशाला होता, चांगला मिनिटभर दिसला.

रूट तेवढा कळव.

तुझे,
बाबा